बार्शीच्या पाटीवरचे नाव

पाबळला गेलेल्या माणसाला गावकरी हमखास मस्तानीची समाधी दाखवतात. १७४० साली बाजीराव पेशवे रावेरखेडीला वारले आणि त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीचेही निधन झाले. पुण्याने तिला कधी आपली मानली नाही. पाबळने मात्र तिला जागा दिली. समशेरबहाद्दर तेव्हा लहान होता. त्या पोराने आईची आठवण कशी जपली असेल, हे बखरी सांगत नाहीत.

अशीच एक दुसरी आठवण याच मुलुखातून जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर आहे. दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसले की कुर्डूवाडी लागते, आणि तिथून बार्शी जवळच. बार्शीत कॅन्सरचे एक मोठे रुग्णालय आहे. सोलापूर, धाराशिव, बीडकडचे शेतकरी आणि मजूर तिथे उपचारासाठी येतात. त्याच्या पाटीवर नाव आहे नर्गिस दत्त यांचे. सिनेमातली एवढी मोठी नटी आणि तिचे नाव बार्शीच्या दवाखान्यावर कसे, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. त्यासाठी तिच्या घरात डोकवावे लागते.

नर्गिस यांचे मूळ नाव फातिमा रशीद. जन्म १ जून १९२९, कलकत्त्याचा. आई जद्दनबाई नामवंत गायिका. चित्रपटांना संगीत देणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. वडील मोहनबाबू जन्माने हिंदू, रावळपिंडीकडचे. नर्गिस सहा वर्षांच्या असताना 'तलाशे हक' या चित्रपटात बालकलाकार म्हणून झळकल्या. मनात डॉक्टर व्हायचे होते. पण १९४३ साली मेहबूब खान यांनी 'तकदीर'मध्ये नायिका केले आणि ते स्वप्न तिथेच राहिले. पुढे 'बरसात', 'आवारा', 'श्री ४२०' आले आणि नर्गिस घराघरांत पोहोचल्या. त्या दिवसांविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे, इथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

आपली गोष्ट सुरू होते ती १९५७ साली, गुजरातमधल्या एका गावात. 'मदर इंडिया'चे चित्रीकरण चालले होते. गवताच्या गंजींना आग लावली होती, वारा फिरला आणि नर्गिस ज्वाळांमध्ये अडकल्या. चित्रपटात त्यांच्या मुलाचे काम करणारा सुनील दत्त हा तरुण नट आगीत शिरला आणि त्याने त्यांना बाहेर काढले. दोघेही भाजले, तो जरा जास्तच. नर्गिस यांनी त्याच्या उशाशी बसून शुश्रूषा केली.

सुनील दत्त म्हणजे झेलम जिल्ह्यातले बलराज दत्त. पाच वर्षांचे असताना वडील गेले आणि फाळणीत घरदार सुटले. आई आणि भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांची बहीण आजारी पडली तेव्हा ते कामात अडकले होते. नर्गिस तिला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि तिच्या उपचाराची सगळी सोय केली. आपल्या घरातले दुखणे जी आपले मानते ती घरची होऊ शकते, हे या तरुणाला तेव्हा कळले असावे. ११ मार्च १९५८ रोजी त्यांचे लग्न झाले. ती मुसलमान, तो हिंदू, शिवाय ती त्याच्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध. हे लग्न फार दिवस टिकणार नाही असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते.

लग्नानंतर नर्गिस यांनी चित्रपट जवळजवळ सोडलेच. वांद्र्याच्या पाली हिलवर संसार थाटला. संजय, नम्रता आणि प्रिया अशी तीन मुले झाली. एवढी मोठी नटी घरी कशी रमली, याचे लोकांना नवल वाटे. 'रेश्मा और शेरा' हा पतीचा चित्रपट १९७१ साली चालला नाही आणि घरावर कर्जाचा डोंगर झाला, तेही दिवस त्यांनी काढले. पतीबरोबर कलापथक घेऊन त्या सीमेवर जवानांचे मनोरंजन करायला जात. १९७२ साली मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या आश्रयदात्या नर्गिस होत्या. अशा मुलांना त्या काळी लोक घरात लपवून ठेवत. त्या मात्र त्यांच्यात जाऊन बसत.

१९८० साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अधिवेशनासाठी दिल्लीत असताना त्यांना कावीळ झाली. सगळ्यांना ती साधी कावीळ वाटली. मुंबईला आणून तपासण्या केल्यावर निदान झाले ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे.

इथे थोडे थांबतो. आपल्याकडे कावीळ म्हटली की पहिली धाव झाडपाल्याकडे जाते. आठ दिवस पथ्य, महिनाभर वाट पाहणे. पन्नाशीच्या माणसाला पोटात फारसे दुखत नसताना कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन उतरू लागले, तर तो पित्तनलिकेच्या वाटेवरचा अडथळा असू शकतो आणि त्याची सोनोग्राफी लगेच करायला हवी. नर्गिस यांच्याजवळ पैसा होता, मोठे डॉक्टर होते, तरी रोग सापडला तो उशिराच. या अवयवाचा कर्करोग आजही बहुतेकांच्या बाबतीत उशिराच सापडतो.

उपचारासाठी त्यांना न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात नेले. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, त्या दीर्घकाळ बेशुद्ध होत्या. त्यातून त्या शुद्धीवर आल्या. पती सुनील दत्त या सगळ्या काळात त्यांच्या सोबत होते. घरच्यांनी पुढे सांगितले आहे की मधल्या काळात डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण त्यांनी यंत्रे बंद करू दिली नाहीत. रुग्णालयात पडल्या पडल्या नर्गिस मुलांसाठी आपला आवाज टेपवर भरून ठेवत होत्या. आई दुसरे काय देऊ शकते त्या अवस्थेत!

त्यांना एकच गोष्ट पाहायची होती, मुलाचा पहिला चित्रपट 'रॉकी'. तो तयार होत आला होता. मुंबईत परतल्यावर प्रकृती पुन्हा बिघडली आणि ३ मे १९८१ रोजी त्या गेल्या. बावन्न वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्यांना पुरण्यात आले. काही दिवसांतच 'रॉकी'चा पहिला खेळ झाला, आणि कुटुंबाच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी ठेवली होती.

थोरला मुलगा त्या वेळी व्यसनात सापडला होता. आई गेली तेव्हा आपल्याला रडूही आले नाही, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. दोन-तीन वर्षांनी ती टेप त्याच्या कानावर पडली आणि तो तासन्तास रडत राहिला. त्यानंतर व्यसनातून बाहेर पडायची वाट त्याला दिसू लागली. पुढेही त्याच्या आयुष्यात वादळे आली, ते सर्वांना ठाऊक आहे.

सुनील दत्त यांचे दुःख वेगळ्या वाटेने गेले. पत्नीला परदेशी नेता आले, ते आपल्याकडे पैसा होता म्हणून. ज्यांच्याकडे नाही त्यांचे काय, हा विचार त्यांना सोडेना. पत्नीच्या नावाने त्यांनी निधी उभा केला. रक्ताच्या कर्करोगावरचा 'दर्द का रिश्ता' हा चित्रपट काढला. १९८४ पासून ते मुंबईचे खासदार होते. १९८७ साली पंजाबातल्या शांततेसाठी ते मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले, बरोबर धाकटी मुलगी प्रिया होती. २५ मे २००५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

आता बार्शीकडे वळू. १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रोग्याने दवाखान्यात यावे म्हणून वाट पाहायची नाही, आपणच गावात जायचे, अशी पद्धत. कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर गेले. सरपंच, शिक्षक, सुईणी यांच्याशी बोलले. अंगावरून पांढरे जाणे, मध्येच रक्त जाणे, न भरणारी जखम, अशा तक्रारी बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत. त्या हळूहळू बोलत्या झाल्या. नोंदीतून दिसले की इथल्या बायकांना सर्वांत जास्त गाठतो तो गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग.

पुढे १९९९ पासून बार्शीच्या रुग्णालयाने, डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या साथीने, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात होत्या. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच केली, तिथल्या ३४ हजार स्त्रियांपैकी आठ वर्षांत या रोगाने ३४ गेल्या. जिथे नेहमीचीच व्यवस्था होती, तिथल्या ३१ हजारांपैकी ६४ गेल्या. एका चाचणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आले. त्या ६४ बायकांची तपासणी का झाली नाही, असा प्रश्न काहींनी विचारला आणि अभ्यासावर टीका केली. मला तो प्रश्न रास्तच वाटतो. परंतु तो अभ्यास नसता तर कित्येक देशांना ही चाचणी पटली नसती, हेही खरे आहे. आता याच विषाणूची लस आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आपल्या धर्मग्रामातल्या मुलींच्या आयांनी त्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

नर्गिस यांना झालेला कर्करोग मात्र निराळा. त्यासाठी गावोगाव घेता येईल अशी चाचणी अजून नाही. म्हणजे त्यांच्या नावाच्या दवाखान्यातून ज्या आया वाचल्या, त्या त्यांना न झालेल्या रोगातून वाचल्या.

राष्ट्रीय एकात्मतेवरील उत्कृष्ट चित्रपटाला पुष्कळ वर्षे नर्गिस दत्त यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जाई. २०२४ साली नियम बदलले आणि पुरस्कारातून त्यांचे नाव वगळण्यात आले. बार्शीची पाटी आहे तशीच आहे. तिच्याखालून रोज कोणीतरी बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात केसपेपर धरून आत जाते. नर्गिसचा एकही चित्रपट तिने पाहिलेला नसतो.