दिवा हाती घेणारी बाई स्वतः अनेक वर्षं आजारी होती

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. तालुक्याच्या दवाखान्यात या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या फोटोला हार घातला जातो, दिवा लावला जातो. मात्र दिव्याच्या पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. या बाईचं बरंचसं आयुष्य आजारपणात गेलं.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. घर इंग्लंडमधलं, श्रीमंत. त्या काळी दवाखान्यातलं काम हलकं समजत, त्यामुळे घरच्यांचा कडक विरोध होता. तरी त्यांनी १८५१ साली जर्मनीत जाऊन शिक्षण घेतलंच.

१८५४ मध्ये क्रिमियाचं युद्ध चालू होतं. ३८ जणींना घेऊन त्या तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचल्या. तिथं जखमांपेक्षा हगवण, कॉलरा, टायफस यांनीच जास्त सैनिक मरत होते. इमारतीखालची गटारं तुंबलेली, पाणी घाण, हवा कोंडलेली. १८५५ च्या फेब्रुवारीत दाखल झालेल्या शंभरातले चाळीसच्या वर दगावत होते. नाइटिंगेल यांनी कपडे, अन्न, स्वच्छता यांची घडी बसवली. मार्चमध्ये सरकारी पथक आलं, गटारं उपसली, पाण्याची सोय सुधारली, तेव्हा कुठं मृत्यू झपाट्यानं खाली आले. पुढे हे सगळे आकडे त्यांनी चित्रात मांडून सरकारपुढे ठेवले.

त्याच वर्षी मे महिन्यात क्रिमियात त्यांना जबर ताप आला. जीव वाचला, पण दुखणं गेलं नाही. १८५७ पासून ताप, धडधड, झोप न येणं, थकवा, पाठीच्या मणक्यात कळा. काही वर्षं तर त्यांना उचलून न्यावं लागे. वरून जखम दिसत नव्हती, त्यामुळे बाई सोंग करते असं म्हणणारेही निघाले. मृत्यूनंतरही कित्येक वर्षं हाच समज चालू राहिला.

आजच्या बऱ्याच अभ्यासकांना हा ब्रुसेलोसिस असावा असं वाटतं. पशुपालकांना हे नाव माहीत असेल. याच रोगात गायी-म्हशी, शेळ्या गाभ टाकतात. कच्चं दूध पिल्यानं, किंवा उघड्या हातानं वार काढल्यानं तो माणसात येतो. ताप येतो-जातो, सांधे आणि कंबर धरते, महिनोन्‌महिने अंगात ताकद राहत नाही. याचा जंतू १८८७ साली माल्टा बेटावर सापडला. म्हणजे नाइटिंगेल आजारी पडल्या तेव्हा डॉक्टरांनाच रोग माहीत नव्हता. आज रक्त तपासून निदान होतं आणि काही आठवडे नेमानं औषधं घेतली तर बरा होतो.

पडून राहूनच त्यांनी मोठी कामं केली. १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक काढलं, १८६० साली लंडनला परिचारिकांची शाळा सुरू झाली. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत, तरी इथल्या छावण्यांचे अहवाल मागवून पिण्याचं पाणी, गटारं, दुष्काळ, पाटबंधारे, शेतकऱ्यांचं कर्ज यावर लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. शेवटी दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या.

आपल्याकडेही घरोघरी असं एखादं माणूस असतं. ताप मोजून सापडत नाही, एक्स-रेत काही निघत नाही, पण अंग उचलत नाही. सून असली तर कामचोर म्हणतात, म्हातारं असलं तर वयाचं कारण सांगून गप्प बसवतात. घरी जनावरं असतील आणि कुणाचा ताप वारंवार उलटत असेल, तर डॉक्टरांना जनावरांबद्दल आणि गाभ पडल्याबद्दल आवर्जून सांगावं. दूध उकळूनच प्यावं, वार काढताना हातमोजे घालावेत. आणि दुखतंय म्हणणाऱ्याचं आधी नीट ऐकून घ्यावं.