पाद्री श्वार्ट्झ : धर्मसेवा आणि राजसेवा

राज्यसंस्थेचे द्रव्य घेऊन धर्मसंस्थेने लोकोपयोगी कामे पत्करावीत काय, हा प्रश्न तंजावरच्या मराठी राज्यात अठराव्या शतकातच उपस्थित झाला होता. कुंभकोणमसह कावेरीचा सुपीक त्रिभुज प्रदेश या राज्यात मोडत असे. क्रिस्टियन फ्रेडरिक श्वार्ट्झ (१७२६–१७९८) यांचे चरित्र म्हणजे त्या प्रश्नाशी दिलेली दीर्घ झुंजच होय.

जर्मनीत हाले येथे शिक्षण घेऊन श्वार्ट्झ १७५० मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगमबाडीस आले. पुढे तिरुचिरापल्लीच्या इंग्रज छावणीचे धर्मोपदेशक म्हणून त्यांनी कंपनीचे वेतन स्वीकारले. १७७८ मध्ये ते तंजावरास स्थायिक झाले. तमिळ त्यांना अवगत होतीच. दरबाराशी व्यवहार करता यावा म्हणून ते मराठीही शिकले.

१७७९ मध्ये कंपनीने त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणास धाडले. शांततेसाठी झटणे हे धर्मकार्यच, या भावनेने ते गेले. हैदरने वाटखर्चासाठी दिलेले तीनशे रुपये त्यांनी मद्रासेस सरकारपुढे ठेवले आणि अखेर ते अनाथ मुलांच्या शाळेकडे वळविले. शिष्टाई मात्र फळास आली नाही. त्यानंतरच्या युद्धात तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. पूर्वी मोबदला बुडाल्यामुळे रयत धान्य वाहण्यास बैल देईना. श्वार्ट्झ यांनी मोबदल्याची व्यक्तिशः हमी घेताच बैल आले, धान्यही आले. राजाची आज्ञा आणि कंपनीचा हुकूम जेथे निष्प्रभ ठरले, तेथे एका पाद्र्याचा शब्द चालला.

नेमकी हीच पत त्यांना राजकारणात ओढीत गेली. १७८७ मध्ये मरणोन्मुख तुळजाजी राजांनी दत्तकपुत्र सरफोजीचे पालकत्व देऊ केले, तेव्हा श्वार्ट्झ यांनी ते नाकारून राजबंधू अमरसिंहांकडे बोट दाखविले. परंतु अमरसिंहांच्या अमलात बालकाची आबाळ होऊ लागली, तेव्हा त्यांना तटस्थ राहवेना. ते सरफोजीच्या पक्षाने कंपनीकडे रदबदली करू लागले. इंग्रजी शाळांसाठीही त्यांनी कंपनीचे अनुदान घेतले. त्या शाळांत ब्राह्मणांची मुले मोठ्या संख्येने शिकत.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. लगेच पुढच्या वर्षी, १७९९ मध्ये, तहान्वये राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. कृतज्ञ राजाने शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले.

श्वार्ट्झ यांच्या निःस्पृहतेविषयी शंका घेण्यास जागा नाही. तथापि, द्रव्याचा मोह टाळला म्हणजे राजसेवेचे ऋण फिटते, असे नव्हे. रयतेने विश्वास टाकला तो त्यांच्यावर. त्याचे फळ मात्र कंपनीच्या पदरात पडले. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने मिशनरी शाळांच्या अनुदानास धार्मिक तटस्थतेची चौकट दिली, आणि योगायोगाने त्याच वर्षी कुंभकोणम येथे सरकारी शाळा निघाली. अनुदानाच्या अटी लिहून ठेवता येतात. विश्वासाचा विनियोग कोण करणार, हे मात्र कोणत्याही करारात लिहिता येत नाही.