पिडिंग्टनचं पत्र

आमच्या चांदूर रेल्वेला समुद्र नाही. उन्हाळ्यात शेतातून वावटळ उठते, पाचोळा गरगर फिरवते आणि दोन मिनिटांत जिरते. वादळाशी आमची ओळख एवढीच. म्हणून मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ टीव्हीवर बघून मी चाटच पडलो. १४ मेला लक्षद्वीपजवळ साधं कमी दाबाचं क्षेत्र होतं, १७ मेला ते अत्यंत तीव्र चक्रीवादळ होऊन मुंबईसमोरून गेलं. बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला, कितीतरी कामगार गेले. तेव्हापासून वादळांबद्दल मिळेल ते वाचतो, आणि त्यातच हेन्री पिडिंग्टन सापडला. 'सायक्लोन' हा शब्द त्याचा.

पिडिंग्टन १७९७ साली इंग्लंडमध्ये जन्मला. जहाजाचा कप्तान म्हणून पूर्वेकडच्या समुद्रांत फिरला आणि पुढे कलकत्त्यात राहिला. तिथल्या भूशास्त्राच्या संग्रहालयाचा तो क्युरेटर होता, पण जीव गुंतला वादळात. बंदरावर आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या तो गोळा करायचा. (आपण जर्नलमध्ये शेजाऱ्याचे आकडे उतरवतो, तसं नाही. हा माणूस एकेक नोंद ताडून बघायचा!) 'चार्ल्स हेडल' नावाचं जहाज १८४५ मध्ये मॉरिशसजवळ वादळात सापडलं. कप्तान वाऱ्यासोबत पळत सुटला. पाचएक दिवसांनी हिशोब केला तर जहाजाने एकाच वादळाभोवती पाच फेऱ्या मारल्या होत्या! वारा गोल फिरतो याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? सापाच्या वेटोळ्यावरून त्याने ग्रीक भाषेतून शब्द बनवला. १८४८ च्या त्याच्या पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या मिळायच्या, त्यांवर वाऱ्याचे बाण. चकती नकाशावर ठेवायची, आपल्याकडे वाहणारा वारा दाखवणारा बाण जहाजाच्या जागेवर आणायचा, की वादळाचा मध्य कोणत्या दिशेला आहे ते कळतं. काही तासांनी पुन्हा तसंच केलं की वादळाची वाट कळते. उपग्रह नाही, रडार नाही!

पण त्याला खरी भीती पाण्याची होती. गोदावरीच्या मुखाजवळच्या कोरिंगा गावावर १७८९ मध्ये एकामागून एक तीन लाटा आल्या आणि सुमारे वीस हजार माणसं गेली, हे त्याने नोंदवून ठेवलं होतं. वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे रेटतो. तळ उथळ असला की त्या पाण्याला वर चढण्याशिवाय जागाच नसते. त्यात भरतीची वेळ असली तर संपलंच.

हुगळीत गाळ साचत होता, म्हणून सरकारला मातला नदीवर नवं बंदर हवं होतं. मातला खोल, रुंद, समुद्राला जवळ. पिडिंग्टनला नेमकी तीच गोष्ट खटकली: जहाज ज्या वाटेने आत येईल त्याच वाटेने समुद्रही येईल. १८५३ मध्ये त्याने थेट लॉर्ड डलहौसीला पत्र लिहून इशारा दिला. कोणी मनावर घेतलं नाही. १८५८ मध्ये तो कलकत्त्यातच वारला.

पोर्ट कॅनिंग उभं राहिलं. धक्के, हॉटेल, रेल्वे, सगळं. १ नोव्हेंबर १८६७ च्या वादळात पाणी सहा फूटच चढलं, पण तेवढ्यात बंदराचा चुराडा झाला. काही वर्षांत ते बंदच पडलं.

आमच्या स्टेशनवरून जाणारी लाईन थेट हावड्याला पोचते. कलकत्त्याच्याच सियालदहवरून कॅनिंगची लोकल अजून सुटते. त्या बंदरासाठी टाकलेली रेल्वे तेवढी टिकली. एकदा जाऊन यायचं आहे.