फुले रंगविणाऱ्या मारियाबाई

आपल्या मंडळात चित्रकलेचा वर्ग सुरू झाल्यापासून एक प्रश्न माझ्या कानी वारंवार येतो. संसाराच्या धबडग्यात बायकांनी पानेफुले रंगवून व्हायचे काय? विचारणाऱ्या भगिनींचा हेतू वाईट नसतो. वेळ आणि पैसा दोन्ही जपून वापरावे लागतात हे मीही जाणते. म्हणून वादात न शिरता, फुले रंगविण्यापासूनच सुरुवात करून थेट शास्त्रज्ञांच्या पंक्तीत जाऊन बसलेल्या एका बाईंचे चरित्र येथे थोडक्यात सांगावे असे मी योजिले आहे.

मारिया सिबिला मेरियन यांचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी झाला. वडील नामांकित ताम्रपट-कोरक व ग्रंथप्रकाशक होते. पण मारिया तीन वर्षांची असतानाच ते वारले. आईने पुढल्या वर्षी याकोब मारेल या चित्रकाराशी विवाह केला. मारेल यांचा हातखंडा फुलांच्या चित्रांत. आपल्या शिष्यांबरोबर त्यांनी या सावत्र मुलीलाही बसविले, आणि रेषा कशी धरावी, रंग कसा घोटावा, येथपासून सारे शिकविले. तेराव्या वर्षी मुलीला आणखी एक नाद लागला. तिने रेशमाचे किडे पाळले आणि अंडे, अळी, कोष व पाकोळी अशी त्यांची स्थित्यंतरे ती टिपून ठेवू लागली. किडे चिखलातून आपोआप उपजतात असे त्या काळी पुष्कळ लोक मानीत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पोरवयातील निरीक्षणाचे मोल कळते.

१६६५ साली मारेल यांचेच शिष्य योहान आंद्रेआस ग्राफ यांच्याशी तिचे लग्न झाले. पुढे ती मंडळी ग्राफ यांच्या गावी, न्यूरेंबर्गला राहावयास गेली. दोन मुली झाल्या. त्या गावात तैलरंगाची चित्रे करून विकण्याची मुभा पुरुषांनाच होती. मारियाबाईंनी त्यावर कुरकुर करीत न बसता जलरंग आणि चर्मपत्र हाती घेतले, आणि घरीच मुलींसाठी चित्रकलेचा व भरतकामाचा वर्ग काढला. आपल्या वर्गाची आठवण मला येथे होते, ती याच कारणाने. गावातील प्रतिष्ठित घरच्या मुली त्यांच्याकडे शिकावयास येत. त्यांपैकी क्लारा इम्होफ या शिष्येला बाईंनी पुढे लिहिलेली पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. मुलींना गिरविण्यासाठी, तसेच कशिद्याचे नमुने म्हणून, त्यांनी फुलांच्या चित्रांचे पुस्तक १६७५ ते १६८० या काळात तीन भागांत छापले.

पहिल्याने गिरवावे, हात बसला की समोर खरे फूल ठेवावे, हा क्रम आपल्याही वर्गात आहे. मारियाबाई याच्याही पुढे गेल्या. पानाला भोक दिसले तर ते झाकून सुंदर पान काढावयाचे, अशी आपली सवय. त्यांनी ते भोक काढले आणि ते पाडणारी अळीही काढली. कोणती अळी कोणत्या झाडाचा पाला खाते, कोष केव्हा करते, त्यातून काय बाहेर येते, हे घरी अळ्या पाळून त्यांनी पाहिले. आणि एकाच पृष्ठावर ते झाड व त्या जिवाच्या सर्व अवस्था मांडल्या. सुरवंटांवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १६७९ साली व दुसरा १६८३ साली निघाला. प्रत्येकात पन्नास चित्रे होती. हे सारे दोन मुलींना वाढवीत असताना!

संसार मात्र टिकला नाही. पतीला सोडून, आई व मुलींसह त्या नेदरलँड्समधील एका कडक धर्मपंथाच्या वसाहतीत काही वर्षे राहिल्या. आई वारल्यानंतर १६९१ मध्ये अॅम्स्टरडॅमला आल्या आणि चित्रांवर पोट भरू लागल्या. तेथील धनिकांच्या संग्रहांत सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतील डच वसाहतीची फुलपाखरे टाचलेली असत. पण ती कोणत्या अळीची, कोणत्या झाडावरची, हे कोणालाच सांगता येईना. बाईंनी आपली २५५ चित्रे विकावयास काढली आणि १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या डोरोथेयाला घेऊन स्वखर्चाने जहाजात पाय ठेवला.

दोन वर्षे त्या उष्ण, दमट प्रदेशात मायलेकी रानावनांतून हिंडल्या. साखरेखेरीज दुसरे काही न सुचणारे मळेवाले त्यांना हसत. अखेर तापाने प्रकृती ढासळली आणि १७०१ साली त्यांना परतावे लागले. १७०५ साली साठ चित्रांचा त्यांचा मोठा ग्रंथ डच व लॅटिन भाषांत प्रसिद्ध झाला. त्यात अननस आहे, पेरू आहे, पपई आहे. आपल्या परसातली ही ओळखीची मंडळी मूळची अमेरिकेकडचीच.

आणि त्यात आपला शंकासुरही आहे. या झाडाच्या चित्राशेजारी बाईंनी जे लिहिले, ते वाचून माझे मन सुन्न झाले. मळ्यांवर गुलाम म्हणून राबणाऱ्या तद्देशीय व आफ्रिकी स्त्रिया, आपल्या पोटी गुलाम जन्मू नये म्हणून, याच्या बिया घेऊन गर्भ पाडीत. ही हकिकत त्या स्त्रियांनीच बाईंना सांगितली होती. पण ज्यांनी सांगितली त्यांची नावे ग्रंथात नाहीत. बाईंसाठी रानात वाट तोडणारे, अळ्या आणून देणारे हातही गुलामांचेच होते. परतताना एक तद्देशीय स्त्री त्यांच्याबरोबर अॅम्स्टरडॅमला आली. तिचेही नाव लिहिलेले नाही. मारियाबाईंचा थोरपणा मी मानते, परंतु ही उणीवही सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

१३ जानेवारी १७१७ रोजी त्यांचे देहावसान झाले. रशियाच्या पीटर बादशहाने त्यांची चित्रे विकत घेतली. डोरोथेया पुढे सेंट पीटर्सबर्गला जाऊन तेथील विज्ञान अकादमीसाठी चित्रे काढू लागली. लिनियससारख्या शास्त्रज्ञाने जीवजातींना नावे देताना बाईंच्या चित्रांचा आधार घेतला. युरो येण्यापूर्वी जर्मनीच्या पाचशे मार्कांच्या नोटेवर त्यांचीच छबी होती.

तेव्हा भगिनींनो, फुले रंगवून व्हायचे काय, याचे उत्तर ज्याचे त्याने काढावे. माझी मात्र एक सूचना आहे. वर्गातील चित्रांचे प्रदर्शन भरेल तेव्हा प्रत्येक चित्राखाली झाडाचे नाव, ते कोठे पाहिले, आणि त्याचा गुण आपणांस कोणी सांगितला, हेही लिहावे. सांगणारी भाजीवाली असो, कामाला येणाऱ्या बाई असोत वा घरच्या आजी असोत. त्यांची संमती घेऊन त्यांचे नाव आपल्या नावाशेजारी शोभून दिसेल. मारियाबाईंकडून जे राहिले, ते आपण केले तर वर्गाचे सार्थक झाले असे मी समजेन.