सनद मिळाली, खटले मिळेनात

कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र व राज्यशास्त्राचा अभ्यास, मानसशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचे संस्कार आणि लंडनची बॅरिस्टरी एवढी शिदोरी घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ मध्ये मुंबईस परतले. वकिलीच्या सनदेसाठी मात्र पैसे नव्हते. ते मित्र नवल भथेना यांनी दिले.

जुलैत वकिली सुरू झाली. उच्च न्यायालयातील कामे सॉलिसिटरांमार्फत येत आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ती देण्यास ते नाखूश असत. साहजिकच जिल्ह्यांतील न्यायालये आणि गरीब पक्षकार हाच त्यांचा आधार ठरला. १९२५ पासून ते बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदाही शिकवू लागले.

१९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरील बदनामीच्या खटल्यात दिनकरराव जवळकर व केशवराव जेधे यांची बाजू त्यांनी पुण्यात मांडली. विरुद्ध बाजूस ल. ब. भोपटकरांसारखे नामांकित वकील होते. अपिलात आरोपी निर्दोष सुटले आणि आंबेडकरांचे नाव झाले.

पुढे महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात ते स्वतःच प्रतिवादी होते. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या न्यायालयात त्यांना काम मिळत नव्हते, त्याच न्यायालयात त्यांच्या समाजाचा पाण्यावरील हक्क मान्य झाला.