दर्पणकार बाळशास्त्री

मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी हा विषय होता, पण पासिंगपुरता. घरी बोलायचं मराठी आणि वाचायचं इंग्रजी. सेकंड इयरला असताना एका दुपारी मेसच्या मावशींनी पेपर माझ्या हातात दिला. त्यांचा चष्मा फुटला होता. आतल्या पानावर त्यांच्या गावाकडच्या धरणाची बातमी होती, ती वाचून दाखव म्हणाल्या. ‘भूसंपादन’ या शब्दाला मी अडखळले, ‘विस्थापित’ला तर चक्क थांबलेच. अर्थ मावशींनीच सांगितला. दोन एकर गेली होती त्यांची. दीड वर्ष मी त्यांच्या हातच्या पोळ्या खात होते, पण त्या आमच्या मेसमध्ये का आल्या हे मला त्या चार बोटांच्या बातमीनं कळलं.

पुढे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लिहायचं ठरलं तेव्हा विषय आपोआपच मिळाला. दर ६ जानेवारीला पत्रकार दिन म्हणून ज्यांच्या चित्राला हार घालतात, त्या बाळशास्त्री जांभेकरांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की त्यांनी पहिलं मराठी वर्तमानपत्र काढलं. लायब्ररीत चार दिवस बसल्यावर कळलं, की हा माणूस आपल्याच लाइनचा होता! पण ते पुढे येईलच.

जन्म १८१२ चा, कोकणात देवगडजवळच्या पोंभुर्ले गावी. वडील गंगाधरशास्त्री विद्वान, त्यामुळे संस्कृत आणि मराठीचा पाया घरीच झाला. मुलगा फार हुशार म्हणून तेरा-चौदाव्या वर्षी त्याला मुंबईला पाठवलं. तिथे बापू छत्र्यांचा आधार मिळाला आणि त्यानं इंग्रजी आणि गणित असं काही झपाट्यानं आत्मसात केलं, की विशीत पोचेपर्यंत तो शालेय पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचा नेटिव्ह सेक्रेटरी होता. आपण त्या वयात केटी सोडवत असतो.

त्या वेळी मुंबईत वर्तमानपत्रं नव्हती असं नाही. इंग्रजांची इंग्रजी पत्रं होती, १८२२ पासून गुजरातीत ‘मुंबई समाचार’ निघत होता. मराठी माणसाला मात्र बातमी मिळायची ती बाजारात, देवळात, नाहीतर गावाहून आलेल्या पाहुण्याकडून. ऐकीव बातमीची गंमत अशी, की तिला उलट प्रश्न विचारता येत नाही. सांगणारा तोवर पुढच्या गावी गेलेला असतो.

६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजे भाऊ महाजन, जोडीला होते. सुरुवातीला पाक्षिक, मग त्याच वर्षी मे महिन्यापासून साप्ताहिक. सगळ्यात मला आवडलं ते त्याचं रूप: पानावर दोन रकाने, एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. आपल्या लोकांना इंग्रजी विद्येची गोडी लागावी आणि इथल्या लोकांच्या मनात काय चाललंय ते राज्यकर्त्यांनाही कळावं, असा दुहेरी हेतू. मी आयुष्यभर इंग्रजी रकानाच वाचत आलेय, हे ते पान बघताना जाणवलं आणि जरा लाजही वाटली.

या पत्रात देशोदेशीच्या घडामोडी असत, नव्या विद्यांची माहिती असे. तारायंत्र आलं नव्हतं. विलायतेची बातमी जहाजानं केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायची, म्हणजे कित्येक महिने. मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझपर्यंत जाऊन आली, तेव्हा कुठे हे अंतर कमी होण्याची आशा वाटू लागली. म्हणजे ‘ताजी’ बातमीसुद्धा शिळीच असणार. तरीही ती नवी होती, कारण तोवर ती आपल्या भाषेत कुणी सांगितलीच नव्हती.

पण माझ्या मते ‘दर्पण’चं खरं काम दूरच्या बातम्यांपेक्षा घरातल्या गोष्टींचं होतं. उदाहरणार्थ, विधवांच्या पुनर्विवाहाची चर्चा. त्या काळी कितीतरी घरांत एखादी केशवपन केलेली आत्या किंवा वहिनी असायची, कधी कधी दहा-बारा वर्षांचीसुद्धा. ती सगळ्यांना रोज दिसत होती. तिच्याकडे नशीब म्हणून बघायचं आणि गप्प बसायचं, एवढंच लोकांना माहीत. हीच गोष्ट छापून आली की तिचा प्रश्न होतो. मग कुणी शास्त्राचा आधार काढतो, कुणी चिडतो, कुणी निदान जेवताना तिच्याकडे एकदा नीट बघतो. विधवा पुनर्विवाहाचा कायदा व्हायला १८५६ उजाडलं, तोपर्यंत बाळशास्त्री जाऊन दहा वर्षं झाली होती. कायदा ‘दर्पण’मुळे झाला असं मी मुळीच म्हणत नाही. पण मराठीत या विषयावर छापील वाद घालायची सवय लावणाऱ्यांत हे पत्र होतं.

धंदा म्हणून बघाल तर ‘दर्पण’ फायद्याचा नव्हता. वाचणारे थोडे, वर्गणी भरणारे त्याहून थोडे. साडेआठ वर्षं चालवून १८४० मध्ये तो बंद झाला. पण त्याच वर्षी ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केलं, त्यात भूगोल, विज्ञान, इतिहास.

आता आपल्या लाइनचा मुद्दा. १८३४ पासून बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर होते. गणित आणि खगोलशास्त्र हे त्यांचे आवडीचे विषय, कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं. आणि मित्रांनो, त्यांनी डिफरन्शियल कॅल्क्युलसवर मराठीत पुस्तक लिहिलं आहे, नाव ‘शून्यलब्धि’. एम-वनला लिमिट्स करताना शून्याकडे जाता जाता हाताला काय लागतं ते मला कधी समजलं नव्हतं. या एका शब्दानं थोडं समजलं. शिवाय १८४५ मध्ये शिळाछापावर ज्ञानेश्वरी छापून काढली ती वेगळीच. दहा-बारा भाषा, शिलालेखांचं वाचन, व्याकरणाची पुस्तकं... सगळं सांगत बसले तर संपादक कात्री लावतील.

त्यांना त्रासही झाला. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री नावाचा एक मुलगा काही काळ मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, पण जातीत परत घ्यायला कर्मठ मंडळी तयार होईनात. प्रायश्चित्त देऊन घ्या, म्हणून बाळशास्त्री उभे राहिले, आणि स्वतःच्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. गंमत बघा, मिशनरीही नाराज आणि शास्त्रीबुवाही नाराज!

मे १८४६ मध्ये ते मुंबईत वारले. वय अवघं चौतीस. मुंबई-ठाणे रेल्वे धावली ती त्यानंतर सात वर्षांनी. भाऊ महाजनांनी १८४१ मध्येच ‘प्रभाकर’ काढला होता, त्यात पुढे १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रं आली. एल्फिन्स्टनमधले त्यांचे विद्यार्थी दादाभाई नौरोजी, त्यांनी १८५१ मध्ये गुजरातीत ‘रास्त गोफ्तार’ सुरू केलं.

मावशींना नवा चष्मा मिळालाय. तरी दुपारी पेपर त्या माझ्याकडेच देतात, आणि मी अडखळले की भाजी चिरता चिरता पुढचा शब्द सांगतात. धरणाच्या वाढीव मोबदल्याची बातमी अजून काही आलेली नाही.