सहा तुकडे, दहा स्क्रू: इराणी हॉटेलातल्या खुर्चीच्या मूळ पुरुषाची गोष्ट

मुंबईतल्या जुन्या इराणी हॉटेलात चहा-बनमस्का खाताना तुम्ही ज्या वळणदार, काळपट लाकडी खुर्चीवर टेकता, तिच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे मिखाएल टोनेट.

जन्म १७९६ चा, ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावातला. धंदा सुतारकामाचा. तेव्हा खुर्चीला बाक द्यायचा तर लाकूड कोरावं लागे. मेहनतही जाई, लाकूडही वाया जाई. टोनेटने पातळ पट्ट्या सरसात उकळून साच्यात वाकवायला सुरुवात केली. १८४१ साली कोब्लेंझच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटरनिख याने ते काम पाहिलं आणि त्याला व्हिएन्नाला बोलावलं.

तो तिकडे गेला आणि इकडे देणेकऱ्यांनी गावातली मालमत्ता जप्त करवली. वय पंचेचाळीस, पदरी पाच मुलगे आणि सुरुवात शून्यातून. काही वर्षं दुसऱ्यांसाठी काम केल्यावर १८४९ मध्ये त्याने पुन्हा स्वतःचं वर्कशॉप काढलं.

खरी डोकेदुखी होती सरसाची. दमट मुलखात पाठवलेल्या खुर्च्यांचे थर सुटायचे. मग त्याने सरसच काढून टाकला! बीच झाडाचा अखंड दांडा वाफेवर मऊ करायचा आणि वाकवायचा. वाकताना बाहेरची बाजू ताणून तडकते, म्हणून तिथे आधी धातूची पट्टी घट्ट बांधायची. याचं पेटंट १८५६ मध्ये मिळालं.

१८५९ ला आली १४ नंबरची खुर्ची. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. पाठ आणि मागचे पाय एकाच दांड्याचे. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या आणि पोचल्यावर जोडल्या जायच्या. (फ्लॅट-पॅकचं श्रेय आज आयकियाला जातं, ती गोष्ट वेगळी.) पाय मोडला तर तेवढाच भाग बदलता यायचा. बैठक वेताच्या जाळीची, त्यामुळे सांडलेली कॉफी खाली गळून जायची.

१८६७ ला पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि नकला करणारे कारखाने उभे राहिले. १८७१ ला टोनेट व्हिएन्नात वारला. १९३० पर्यंत त्या एका मॉडेलच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या.

इराण्याकडची प्रत्येक खुर्ची काही त्याच्याच कारखान्यातली नसते. शंका असेल तर बैठकीच्या कडेला खालून बघा. अस्सल जुन्या खुर्चीवर तिथे शिक्का किंवा कागदी लेबल असायचं.